कानात सांगितलेलं

रुक्सांद्रा सोरानाच्या खुर्चीशी उकिडवी बसली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली. बटाटा सोलणारा सोरानाचा हात थांबला. तिने उलट काहीतरी विचारलं, तेही ओठांतल्या ओठांत. रुक्सांद्राने दोन शब्दांत उत्तर दिलं, तिच्या गुडघ्यावर थोपटलं आणि उठून कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली.

शेगडीपाशी मक्याचं पीठ घोटत उभ्या असलेल्या मारिनेलाला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. येऊ नये असाच बेत होता. लिहून आणलेले संवाद हा प्रकार रुक्सांद्राच्या सिनेमात नव्हता. शॉटच्या आधी ती एकेकीच्या कानात आपापल्यापुरतं सांगायची आणि दुसरीला पत्ता लागू द्यायची नाही. पहिल्या दिवशी तिने मारिनेलाच्या कानात सांगितलं होतं, ‘आज मीठ जास्त पडलंय, पण कबूल करायचं नाही.’ सोरानाला सांगितलं होतं, ‘मुकाट्याने खा.’ दोघी मायलेकींचं त्यावरून जे जुंपलं, त्याने सगळी मंडळी तोंडावर हात दाबून हसत होती. तेव्हापासून मारिनेलाला या खेळाची गोडी लागली होती. इतकी वर्षं बेकरीत पाव भाजण्यात गेली, आता या वयात कुणी आपल्याला चेहरा आहे म्हणतंय, यात वाईट वाटण्यासारखं काय होतं?

नावंही त्यांचीच ठेवली होती. दुसऱ्या नावाने हाक मारली की माणूस खोटं वळून बघतो, असं रुक्सांद्रा म्हणायची. स्वयंपाकघर त्यांचंच, पातेली त्यांचीच, चौथ्या मजल्यावरून दिसणारं बर्लाद गावही रोजचंच. फक्त सिनेमातली आई इटलीला निघाली होती, कुण्या परक्या म्हातारीचं हगणंमुतणं काढायला. गावातल्या निम्म्या बायका तिकडेच होत्या, त्यामुळे त्यात रचायचं असं काही नव्हतं. आज तिने ते मुलीला सांगायचं होतं.

“चला,” रुक्सांद्रा हळूच म्हणाली. ती कधी ओरडत नसे.

मारिनेलाने डाव दोनदा फिरवला.

“नाताळच्या आधी येईन गं. फार तर ईस्टरला.”

“नाताळ की ईस्टर?”

“बघू. म्हातारीच्या तब्येतीवर आहे सगळं.”

“म्हणजे ती लवकर मेली तर तू लवकर येणार.”

“देवाला ऐकू जातं, सोराना. असं बोलू नये.”

कॅमेऱ्यामागे कुणीतरी खुदकन हसलं. मारिनेलालाही हसू आलं, तिने ते तोंड फिरवून लपवलं. आज काम झकास जमतंय असं तिला वाटलं.

सोरानाने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. दुसरा उचलला, पण सोलला नाही.

“त्या हिवाळ्यातही ‘लवकर येते’ म्हणाली होतीस,” ती म्हणाली. “मला तिथे ठेवून गेलीस तेव्हा.”

डाव थांबला.

“कुठे?”

“तिथे. लांबलचक खोली होती ना. भिंतीला लागून खाटा होत्या.”

मारिनेलाने गॅस बंद केला. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: सांगितलं. या बयेने पोरीला सांगितलं. अकरा वर्षं जिवापाड जपलेलं तिने महिन्याभरात फोडलं, तेही माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांदेखत, कानात. ती रुक्सांद्राकडे वळणार होती. पण सोराना तिच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेला पाठ दाखवून कुणाशी भांडायला जाणं तिला जमलं नाही.

“तुला खोकला होता,” ती म्हणाली. “गिरणीच्या वसतिगृहात नळ गोठले होते. खिडकीला काच नव्हती, पुठ्ठा लावला होता मी. गिरणीने आधी घरी बसवलं, मग खोलीही रिकामी करायला सांगितली. कुठे नेणार होते तुला? मुलांना ठेवायच्या त्या संस्थेत निदान भट्टी तरी होती. गरम सूप मिळायचं. तिथल्या बाई म्हणाल्या, सही कर आणि वसंतात येऊन घेऊन जा. माझ्या पाळीतल्या कितीतरी जणींनी केली होती. मीपण केली.”

“तू म्हणालीस, पाव घेऊन येते.”

“मग काय म्हणायला हवं होतं मी? चार वर्षांच्या पोरीला काय सांगायचं असतं?”

सोरानाने दुसरा बटाटा हातातच धरला होता. ती वाट बघत होती.

“आणि यायचे की मी,” मारिनेला घाईने म्हणाली. “याश शहरात बेकरीत लागले होते, तिथून दर रविवारी गाडी धरून यायचे. आत सोडायचे नाहीत. म्हणायचे, आईला बघितलं की पोरं रात्रभर रडतात. मग मी मागच्या कुंपणाशी जाऊन उभी राहायचे. बर्फात. तुझी लाल टोपी दिसेपर्यंत. ती दिसली की मग जायचे.”

तिचे डोळे वाहत होते. तिने ते पुसले नाहीत, कारण हातांना पीठ होतं.

“लाल टोपी,” सोराना म्हणाली. आणि तिने तो बटाटा सोलायला घेतला.

बराच वेळ कुणी ‘कट’ म्हणालं नाही. आवाजाचं काम बघणारा होरिया भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि बाहीने नाक पुसत होता. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला तेव्हा रुक्सांद्रा पुढे आली आणि तिने मारिनेलाचे पिठाचे हात आपल्या हातांत घेतले.

मारिनेलाने ते सोडवून घेतले आणि ती दारातून बाहेर पडली.

*

खाली बाकावर प्रोफिरामावशी सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली होती. तळमजल्यावर राहणारी ही म्हातारी दिवसभर तिथेच असायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याची खबर ठेवायची. शूटिंग सुरू झाल्यापासून तर तिने जेवणसुद्धा बाकावरच मांडलं होतं.

“काय गं हिरॉईन? दमलीस?” तिने सालं थुंकली. “रडायचा सीन होता वाटतं. अगं, माझं नाव सांग की त्यांना. तीन नवरे पुरलेत मी, रडायला मला कांदा लागायचा नाही.”

मारिनेला तिच्याशेजारी बसली.

“मी तुला आधीच म्हणाले होते,” प्रोफिरामावशी आवाज खाली आणत म्हणाली. “बुखारेस्टचे लोक. घरात घेतलेस, आता ते सगळी कपाटं उघडून बघणार. गरीब माणूस बघायची हौस असते त्यांना. आपल्याकडे बघून रडतात आणि गाडीत बसून घरी जातात.”

“ती तशी नव्हती वाटली,” मारिनेला म्हणाली.

खरंच वाटली नव्हती. रुक्सांद्रा पहिल्यांदा बेकरीच्या मागच्या दाराशी आली ती पाव मागायला. मग रोज येऊ लागली. गोणीवर बसून गप्पा मारायची, मारिनेलाबरोबर बाजारात जायची, कोबी निवडायला शिकली, बोर्शच्या आंबट सुपात किती आंबवण घालायचं ते चाखून बघायची. मारिनेलाहून सात-आठ वर्षांनी लहान, पोरबाळ नाही, चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलेली. सिनेमातल्या आया एक तर देवी असतात नाहीतर वेश्या, असं ती म्हणायची. तिला नुसती आई हवी होती. सकाळी उठून कामाला जाणारी, चिडणारी, चुकणारी. मारिनेलाला हे फार आवडलं होतं. चुकणारी आई कुणाला हवी असू शकते, हे तिला माहीतच नव्हतं.

म्हणूनच ती बोलून गेली. एका दुपारी जिन्याच्या वळणावर, सिगरेट ओढताना. सोराना शाळेत होती. त्या हिवाळ्याचं, त्या संस्थेचं, खाटांच्या रांगेचं, सगळं. बोलून झाल्यावर तिने सिगरेट विझवली.

“हे सिनेमात घालायचं नाही,” ती म्हणाली होती. “आणि सोरानाच्या कानावर तर चुकूनही जाता कामा नये. ती तेव्हा खेड्यात आजीकडे होती, एवढंच तिला ठाऊक आहे. आजी गेली, आता दुसरं सांगणारं कुणी उरलेलं नाही.”

“शप्पथ,” रुक्सांद्रा म्हणाली होती आणि तिने छातीवर क्रूस काढला होता. डाव्या खांद्याकडून उजवीकडे, आपल्या ऑर्थोडॉक्स रीतीच्या उलटा, कॅथलिकांसारखा. चर्चचं तोंड न बघितलेली बाई, तिला कुठलं ठाऊक? मारिनेलाच्या ते लक्षात आलं होतं. पण मन शुद्ध असलं की देव दिशा बघत नाही, असं म्हणून तिने सोडून दिलं होतं. आता बाकावर बसून तिला वाटलं, देवाने केव्हाच दाखवलं होतं, आपणच डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

जिन्यात पावलं वाजली. सोराना बाहेर आली. तिने आईचा स्वेटर आणला होता.

“थंडी आहे,” ती म्हणाली आणि स्वेटर पुढे केला. प्रोफिरामावशीने दोघींकडे आळीपाळीने बघितलं, मग गुडघ्यावर हात टेकून उठली. मांजराला दूध घालायचं होतं म्हणे. तिच्याकडे मांजर नव्हतं.

मारिनेलाने स्वेटर मांडीवर ठेवला.

“ते कुणी सांगितलं तुला विचारायला?”

सोरानाने आईकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

“ती कानात सांगते ना,” ती म्हणाली. “तुला माहितीय की.”

“तिने सांगितलं.”

“हो. शॉटच्या आधी.”

मारिनेलाने मान हलवली. तिने मनात निकाल आधीच लावला होता, हा फक्त शिक्का होता. सोराना बाकाच्या कडेला टेकली. तिने सालांचा ढीग बुटाने एकत्र केला.

“वर सगळे म्हणतायत, तू काय सुंदर काम केलंस,” ती म्हणाली. “होरियाकाका तर रडले.” मग बुटाकडे बघतच, “ते सगळं तू मनानेच रचलंस का गं?”

मारिनेलाचा श्वास एकदम मोकळा झाला. म्हणजे पोरीला ते सिनेमातलंच वाटलं होतं! इतका वेळ छातीवर असलेला धोंडा आपणहून खाली उतरत होता, फक्त एक शब्द बोलायचा होता.

“मग काय,” ती हसून म्हणाली. “मनानेच. तू एकदम टाकलंस माझ्या अंगावर, मग मीही दिलं ठोकून.”

“मला वाटलंच,” सोराना म्हणाली.

ती उठली आणि वर गेली. मारिनेला बाकावरच राहिली. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो थोडा झालाही. पण त्याच्याखाली राग होता तो होताच, आणि आता लपवायचं काही उरलं नसल्यामुळे तो उसळून वर आला. उद्या तो सिनेमा लागेल. गावातल्या चित्रपटगृहात लोक बसतील. बेकरीतल्या बायका, शाळेच्या बाई, त्या हिवाळ्यात सह्या केलेल्या इतर जणी. त्यांतली एखादी तरी सोरानाला म्हणेलच की तुझ्या आईने हे रचलेलं नाही गं बाई.

*

सोरानाच्या खोलीत यंत्रं मांडली होती. तिच्या पलंगावर पडदा, तिच्या अभ्यासाच्या टेबलावर वायरींचं जंजाळ. होरिया खुर्चीत बसून काहीतरी मागेपुढे करत होता. रुक्सांद्रा खिडकीशी उभी होती. मारिनेलाने दार लावून घेतलं.

“पुसून टाका ते.”

“मारिनेलाताई—”

“ताई नाही. मी तुमची कोणी नाही, मॅडम. तुमच्यावर विश्वास टाकला हा माझा गाढवपणा. तुम्ही शपथ घेतली होतीत. माझ्या जिन्यात, माझी सिगरेट ओढत शपथ घेतली होतीत.”

आजवर ती रुक्सांद्राला ‘अगं-तुगं’ करत होती. होरियाने मान खाली घातली आणि तो उठू लागला.

“बस,” रुक्सांद्रा त्याला म्हणाली. मग मारिनेलाला म्हणाली, “मी तिच्या कानात काय सांगितलं, असं तुम्हाला वाटतं?”

“आंधळी आहे का मी? ते संस्थेचं सांगितलंत. खाटांचं सांगितलंत. मी बोलले त्यातलं अक्षरही शिल्लक ठेवलं नाहीत.”

“नाही सांगितलं.”

“आता खोटंही बोला वर तोंड करून.”

रुक्सांद्राने वाद घातला नाही. तिने होरियाकडे बघून नुसती मान हलवली. होरियाने हेडफोन उचलले, मिनिटभर हातात धरून ठेवले.

“पोरीच्या कॉलरला माइक असतो,” तो मारिनेलाला म्हणाला. त्याला हे काम आवडलेलं नव्हतं. “कॅमेरा सुरू व्हायच्या आधीपासून चालूच असतो. मी मुद्दाम काही ऐकत नसतो, बाई, पण कानावर येतं.”

त्याने हेडफोन तिच्या कानांवर चढवले.

आधी सुरीचा आवाज आला. बटाट्याचं साल निघाल्याचा, मोठा, अगदी कानात सोलल्यासारखा. मग कपड्यांची सळसळ आणि रुक्सांद्राची कुजबुज: “आईला आजवर कधी विचारलं नाहीस असं काहीतरी विचार. काय ते मला सांगू नकोस. नसेल विचारायचं तर बटाटे सोलत राहा, आपलं काही अडत नाही.”

सुरी थांबली. श्वास ऐकू आला. मग सोरानाचा आवाज, कधी ऐकला नव्हता इतका जवळून.

“आणि ती खोटं बोलली तर?”

“तरी चालेल.”

मारिनेलाने बोटाने खूण केली, पुन्हा. होरियाने पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा तिने फक्त मुलीचा आवाज ऐकला. तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की पाव घेऊन येते म्हणाल्याचं तर तिने रुक्सांद्राला सांगितलंच नव्हतं. ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. जिना चढताना जो राग हातात तलवारीसारखा घेऊन आली होती, तो आता ठेवायला कुठे जागा नव्हती. आपल्याला दगा दिला गेलाय हे तिला हाडामासातून जाणवत होतं, आणि दगा देणारी म्हणून ज्या बाईला धरायला ती आली होती, ती तर समोर उभी होती, नुसती. मघाशी बाकावर पोरीने विचारलं होतं, तू मनानेच रचलंस का. आणि आपण हसलो होतो.

“शपथ मी मोडली नाही,” रुक्सांद्रा म्हणाली.

“नाही मोडलीस,” मारिनेला म्हणाली. “वळसा घातलास.”

रुक्सांद्राने चष्मा काढला.

“हो,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलं नसतं तर मी तिला आज हे विचारायला लावलंच नसतं. ती तेच विचारेल असं मला वाटलं होतं. नाही, मी वाट बघत होते त्याची.” तिने चष्मा पुन्हा चढवला. “पण मारिनेलाताई, ते कुंपण. ती लाल टोपी. एवढी वर्षं मी अशी आई शोधत होते पडद्यावर आणायला. यात रचलेलं काही नाही, ते बघणाऱ्याला लगेच कळतं. मी पाया पडते तुमच्या, हे मला पुसायला लावू नका.”

मारिनेला तिच्याकडे बघत राहिली. मग ती वळली आणि स्वयंपाकघरात गेली.

*

सोराना टेबलाशीच बसली होती. बटाटे संपले होते, ती सालं चिरत होती.

मारिनेलाने दार लावलं आणि खिटी सरकवली. मग तिने आपल्या कॉलरखालचा माइक काढला, सोरानाच्या कॉलरचाही काढला, पाठीमागे खोचलेल्या बॅटरीच्या डब्यांसकट दोन्ही काट्या-चमच्यांच्या खणात टाकले आणि खण बंद केला.

“मघाशी खाली मी खोटं बोलले,” ती म्हणाली. “मी काही रचलं नव्हतं.”

“माहितीय.”

“कधीपासून?”

“आठवतं मला. सगळं नाही.” सोराना सालांकडे बघत होती. “आजीकडे नव्हते हे तर कायमच माहीत होतं. आजीच्या घरात एकच खाट होती.”

मारिनेला समोरच्या खुर्चीत बसली. इतकी साधी गोष्ट. अकरा वर्षांत ती हजारदा त्या खोट्यावरून हात फिरवून आली होती, कुठे उसवलंय का बघत, आणि खाट तिच्या डोक्यात आली नव्हती.

“मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून.”

शेगडीवरचं पीठ थिजलं होतं, त्यावर साय धरली होती. मारिनेलाला उठून ते हलवावंसं वाटलं. ती उठली नाही.

“विचार,” ती म्हणाली. “आता कुणी नाही. काय विचारायचं ते विचार.”

सोरानाने सुरी खाली ठेवली. तिला विचार करावा लागला नाही.

“रविवारी यायचीस?”

बाहेर पॅसेजमधली फरशी वाजली. कुणीतरी दारापर्यंत येऊन परत गेलं. मारिनेलाने टेबलक्लॉथवरचा डाग नखाने खरवडला. हो म्हणायला काही लागत नव्हतं. ती संस्था केव्हाच बंद झाली होती, त्या गाडीचं तिकीट तपासणारं कुणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कुंपण तिला आता दिसतही होतं. जिन्यात सगळं सांगताना रुक्सांद्राच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून ते पहिल्यांदा तोंडातून निघालं होतं, आणि तेव्हापासून ते तिथेच उभं होतं, बर्फासकट.

“नाही,” ती म्हणाली.

“एकदापण?”

“एकदापण नाही. आले असते तर तुला उचलूनच निघाले असते, आणि न्यायला मला—” ती थांबली. हेही वाक्य छान होत चाललं होतं. तिने तोंडावरून हात फिरवला. “नाही आले, सोराना. रविवारी मी झोपायचे. आठवडाभर रात्रपाळी असायची, रविवारी दिवसभर झोपायचे. उठले की वाटायचं, पुढच्या रविवारी जाऊ.”

सोरानाने खिडकीकडे तोंड केलं. मारिनेलाने टेबलावरून हात पुढे केला, पण मुलीने आपले हात मांडीवर घेतले. मारिनेलाला माफी मागावीशी वाटत होती आणि ती मागायलाही आपण तोंड ठेवलं नाही असं वाटत होतं.

दारावर टकटक झाली.

“येऊ का?” रुक्सांद्राचा आवाज. “घाई नाही. पण उजेड उतरायला लागलाय. तोच शॉट दुसऱ्या बाजूने एकदा घ्यायचा होता. तुमची हरकत नसेल तर.”

सोराना उठली. तिने नळाखाली तोंड धुतलं, बाहीला पुसलं. मग खण उघडून माइक बाहेर काढले, आपला लावला आणि आईचा घेऊन तिच्यापाशी आली. वाकून तिने तो आईच्या कॉलरखाली अडकवला, वायर कपड्यांच्या आतून फिरवून डबा मागे खोचला. तिची बोटं थंड होती.

“पुन्हा विचारायला लावतील,” ती म्हणाली. “त्यांना कुंपणाचंच सांग.”

“आणि तू?”

“मला खरं ते सांगून झालंय तुझं.”

तिने माइकचं बटण दाबलं आणि दार उघडायला गेली.